निर्यातबंदीचा तोटा मोजायचा तर आधी पट्ट्या जपा

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

कांद्याचा हंगाम सुरू झाला की आपल्या पहिल्या पानावर दोन बातम्या आलटून पालटून येतात. एक, ‘सोलापुरात कांद्याला उच्चांकी दर’. दुसरी, ‘निर्यातबंदीने शेतकऱ्यांचे कोट्यवधींचे नुकसान’. पहिल्या बातमीतला दर त्या दिवशीच्या मोजक्या पिशव्यांचा असतो, आणि दुसऱ्या बातमीतले कोटी कोणी मोजलेले नसतात. नुकसान झालेच नाही असे आमचे म्हणणे नाही. झाले, आणि सोलापूरचे लासलगावपेक्षा वेगळ्या तऱ्हेने झाले. पण क्विंटलमागे किती, कोणत्या आठवड्यात, कोणत्या प्रतीच्या मालावर, त्यातले धोरणाचे किती आणि पावसाचे किती, हे सांगणारा खात्रीचा आकडा चर्चेत कुठेच दिसत नाही. तो काढता येतो. काढण्याचे काम इथल्या विद्यापीठाचे आहे, आणि त्यासाठी लागणारा कागद, म्हणजे आडत्यांनी (विक्री करून देणाऱ्या दलालांनी) शेतकऱ्याला दिलेल्या हिशेबाच्या पावत्यांची, पट्ट्यांची पुस्तके, बाजार समितीच्या आवारातल्या गाळ्यांच्या पोटमाळ्यावर धूळ खात पडला आहे.

आधी तारखा नीट लावू, कारण वादात पहिली गडबड इथेच होते. १३ सप्टेंबर २०१९ ला टनाला ८५० डॉलर किमान निर्यात मूल्य (ज्याच्या खाली माल बाहेर विकता येत नाही असा दर) लावले, २९ सप्टेंबरला बंदी घातली, ती १५ मार्च २०२० ला उठली. १४ सप्टेंबर २०२० ला पुन्हा बंदी, ती १ जानेवारी २०२१ पासून उठली. त्यानंतर १९ ऑगस्ट २०२३ ला ४० टक्के निर्यात शुल्क, २८ ऑक्टोबरला ८०० डॉलरचे किमान मूल्य, ७ डिसेंबरच्या अधिसूचनेने दुसऱ्या दिवसापासून बंदी. बंदीची मुदत ३१ मार्च २०२४ होती, ती संपण्याआधीच वाढवली. ४ मे २०२४ ला बंदी उठली, पण ५५० डॉलरचे किमान मूल्य आणि ४० टक्के शुल्क सोबत आले. १३ सप्टेंबर २०२४ ला किमान मूल्य गेले आणि शुल्क २० टक्क्यांवर आले. १ एप्रिल २०२५ पासून शुल्कही गेले. म्हणजे वीस महिन्यांच्या आत नियम सहा वेळा बदलला. या सगळ्याला सरसकट ‘निर्यातबंदी’ म्हणणे हे ताप, हिवताप आणि उन्हाळी लागणे यांना एकच गोळी देण्यासारखे आहे.

तीन हत्यारांचा मार वेगळा आहे. बंदीत बाहेरचा ग्राहकच तुटतो. शुल्कात तो उरतो, पण त्याला माल महाग पडतो किंवा इकडे शेतकऱ्याला कमी मिळतात, बहुधा दोन्ही थोडे थोडे. किमान निर्यात मूल्य हा सगळ्यांत फसवा प्रकार. मे २०२४ ची व्यवस्था घ्या. किमान मूल्य ५५० डॉलर आणि त्यावर ४० टक्के, म्हणजे टनाला निदान २२० डॉलर शुल्क. त्या वेळच्या साधारण ८३ रुपयांच्या डॉलरने किलोमागे १८ रुपयांच्या वर. आता परदेशी खरेदीदार खरोखर ३०० डॉलरच द्यायला तयार आहे असे धरा. कागदावर ५५० च लिहावे लागतात, त्यामुळे २२० डॉलर शुल्क चुकत नाही. खऱ्या किमतीवर ते ७३ टक्के झाले. अधिसूचनेत ४०, व्यवहारात ७३. आणि दर जितका पडेल तितके हे ओझे टक्केवारीत वाढत जाते, म्हणजे मंदीत जास्त बसते. बातमीत मात्र ‘४० टक्के शुल्क’ एवढेच छापून येते.

हीच गोष्ट संशोधकाचाही पाय घसरवते. किमान मूल्याच्या महिन्यांत निर्यातीच्या आकडेवारीतून रकमेला वजनाने भागून दर काढला, तर तो छान चढा दिसतो. तो बाजाराचा दर नसतो, अधिसूचनेचा असतो. वरची तफावत कशी परत जाते हे व्यापारातल्या कुणालाही विचारा, सांगणार नाही, पण हसेल. तेव्हा त्या महिन्यांचा डॉलरमधला सरासरी दर वापरून ‘निर्यातदाराला एवढे मिळाले आणि शेतकऱ्याला एवढेच’ असा तक्ता कुणी दाखवला, तर तो बाजूला ठेवावा. बंदीच्या पहिल्या महिन्याचेही असेच. अधिसूचनेपूर्वी सीमाशुल्काच्या ताब्यात गेलेला किंवा जहाजावर चढू लागलेला माल सोडला जातो, म्हणून डिसेंबर २०२३ ची निर्यात शून्य दिसत नाही. बंदीचा खरा ठसा जानेवारीपासून शोधायचा. सरकारने इतर देशांना खास परवानगीने दिलेला मालही त्या महिन्यांत वेगळा काढावा लागतो.

मग बंदीआधीचा दर वजा बंदीनंतरचा दर, एवढी साधी वजाबाकी का चालत नाही? देशातले कांदा उत्पादन २०२२-२३ मध्ये सुमारे ३०२ लाख टन होते, २०२३-२४ मध्ये ते सुमारे २४२ लाख टनांवर आले. पाचवा हिस्सा माल कमी. अशा वर्षी बंदी नसती तर दर वाढलाच असता. बंदीने तो वाढू दिला नाही, तर तोटा हा पडलेल्या दरात नसून न वाढलेल्या दरात आहे, आणि न वाढलेला दर कोणत्याही पट्टीवर लिहिलेला नसतो. त्याच काळात नाफेड आणि एनसीसीएफ या केंद्रासाठी खरेदी करणाऱ्या सहकारी संस्थांकडचा राखीव साठा बाजारात उतरत होता, ऑगस्ट २०२३ पासून शहरांत २५ रुपये किलोने किरकोळ विक्री सुरू होती. तोही दाब याच दरावर. हे सगळे एका वजाबाकीत घातले की उत्तर काहीही येते.

उलटे उदाहरणही आपल्याच जिल्ह्यातले आहे. फेब्रुवारी २०२३ मध्ये इथल्या बाजारात एका शेतकऱ्याने ५१२ किलो कांदा विकला आणि त्याच्या हातात दोन रुपयांचा धनादेश पडला. देशभर गाजले. पण तेव्हा ना बंदी होती, ना शुल्क, ना किमान मूल्य. २०२२-२३ या वर्षात तर २५ लाख टनांच्या वर कांदा बाहेर गेला. निर्यात खुली असताना दर रुपया किलो झाला, कारण रांगडा (उशिराच्या खरिपाचा) कांदा एकदम आला आणि त्याला ठेवायला जागा नव्हती. ज्यांना सगळा दोष दिल्लीवर टाकायचा आहे त्यांनी हे वर्ष नेहमी बाजूला सारले आहे. ज्यांना दिल्लीचा काहीच दोष दिसत नाही ते नेमके याच वर्षाकडे बोट दाखवतात. अभ्यासात दोन्ही वर्षे घ्यावी लागतील.

त्या दोन रुपयांच्या पट्टीत आणखी एक धडा आहे. दर क्विंटलला १०० रुपये, म्हणून ढोबळ रक्कम ५१२ रुपये. हमाली, तोलाई आणि मोटारभाडे मिळून ५०९ रुपयांच्या आसपास कपात. म्हणजे क्विंटलमागे जवळजवळ ९९ रुपये. ही कपात दरावर अवलंबून नाही, पिशवीवर आहे. दर ३,००० असला तरी हमाल पिशवी तेवढ्यालाच उचलतो आणि गाडी गावाहून तेवढ्याच भाड्यात येते. कपात १०० धरा. दर १,००० वरून ५०० झाला तर दर निम्मा झाला असे आपण म्हणतो. शेतकऱ्याच्या हातातले ९०० चे ४०० होतात, म्हणजे निम्म्यापेक्षा जास्त गेले. २०० वर आला तर हातात १००. म्हणून तोटा लिलावाच्या दरावर न मोजता निव्वळ हातात पडलेल्या रकमेवर मोजला पाहिजे. आणि निव्वळ रक्कम फक्त पट्टीवर सापडते, संकेतस्थळावर नाही. राज्याने नंतर फेब्रुवारी-मार्च २०२३ मध्ये विकलेल्या कांद्याला क्विंटलला ३५० रुपये अनुदान दिले, एका शेतकऱ्याला २०० क्विंटलपर्यंत. ५१२ किलोचे १,७९२ रुपये होतात. ते मदतीचे माप होते, तोट्याचे नव्हे, हा फरक त्या वेळी कुणी ठळक केला नाही.

आता सोलापूरचे वेगळेपण. लासलगावचा उन्हाळी कांदा चाळीत चार-पाच महिने राहतो. घट येते, सड होते, पण शेतकरी थांबू शकतो. आपल्याकडे नोव्हेंबर ते फेब्रुवारी येणारा खरीप आणि रांगडा कांदा पाणीदार, पातळ सालीचा. दोन-तीन आठवड्यांत कोंब फुटतो. जो दर असेल त्यालाच सोडावा लागतो. अधिसूचना ७ डिसेंबरला निघाली, म्हणजे नेमकी आपली आवक भरात यायच्या वेळी. खरिपाची लागण जुलै-ऑगस्टमध्ये झालेली, रांगड्याची सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये. लागण करताना शेतकऱ्याच्या समोर निर्यात खुली होती किंवा फार तर शुल्क होते, काढणीला बंदी. देशाच्या सरासरीवर किंवा लासलगावच्या वार्षिक सरासरीवर केलेल्या अभ्यासात हे दिसणार नाही. तिथे बंदीचे महिने आणि विक्रीचे महिने एकमेकांवर पूर्ण बसत नाहीत, इथे बसतात.

यावर एक प्रतिवाद नेहमी ऐकू येतो. सोलापूरचा कांदा परदेशी जातोच किती? इथून गाड्या हैदराबाद, बेंगळुरू, चेन्नईकडे सुटतात. खरे आहे. पण नाशिकचा बाहेर जाणारा माल बंदरावर अडला की तो समुद्रात टाकत नाहीत. तो देशातच फिरतो आणि त्याच हैदराबाद-चेन्नईच्या बाजारात आपल्या गाडीशेजारी उभा राहतो. जोतातल्या एका बैलाला चाबूक बसला तरी जू दोघांनाही ओढते. म्हणून ‘जिल्ह्यातून झालेली निर्यात गुणिले दरातला फरक’ हे सूत्र सोलापूरसाठी चुकीचे आहे. त्यात उत्तर जवळजवळ शून्य येईल आणि कुणीतरी ते संसदेत वाचून दाखवेल. शिपिंग बिलावर, म्हणजे निर्यातीच्या सीमाशुल्क कागदावर, मूळ जिल्हा लिहावा लागतो हे खरे, पण माल गोळा करणाऱ्याचे गोदाम जिथे असेल तिथलेच नाव पडण्याची शक्यता जास्त, तेव्हा त्या रकान्यावरही विसंबून चालणार नाही.

दक्षिणेच्या बाजारात एकूण माल किती वाढला आणि त्याने दर किती हलला, हे काढायचे आहे. देशाच्या उत्पादनाच्या साधारण आठ टक्के कांदा २०२२-२३ मध्ये बाहेर गेला. तेवढा माल आतच राहिला तर दर किती पडेल? कांद्याची मागणी दराने फारशी हलत नाही. स्वस्त झाला म्हणून कुणी दुप्पट खात नाही. दर एक टक्का पडला तर खप ०.४ टक्के वाढतो असे धरले, तर आठ टक्के जादा माल खपायला दर २० टक्के पडावा लागतो. ०.२ धरले तर ४० टक्के. बघा, दशांशातल्या एवढ्याशा फरकाने तोटा दुप्पट होतो. वर्तमानपत्रातले सगळे ‘कोटी’ या एका आकड्यावर उभे असतात, आणि तो आकडा बहुतेक वेळा कुठल्यातरी जुन्या प्रबंधातून उचललेला असतो, तोही पूर्ण वर्षाचा आणि पूर्ण देशाचा. डिसेंबर-जानेवारीतल्या दक्षिणेच्या बाजारांचा आकडा वेगळा काढावा लागेल. त्यासाठी सोलापूरसह हैदराबाद, बेंगळुरू आणि चेन्नई यांच्या आठवड्यागणिक आवक-दरांची दहा हंगामांची मालिका पुरे.

दुसरा धागा परदेशी बाजारांचा. नेहमीच्या दिवसांत कोलंबो किंवा ढाक्याचा घाऊक दर आणि आपला दर यांतला फरक म्हणजे भाडे, घट आणि नफा. बंदीनंतर हा फरक फाकतो. जितका फाकला तितकी धोरणाची पाचर. मात्र ही सगळी पाचर आपल्या शेतकऱ्याच्या अंगावर पडली असे लिहू नये. डिसेंबर २०२३ मध्ये ढाक्याचे दर एका रात्रीत भडकले, म्हणजे पाचरीचा मोठा भाग तिकडच्या गिऱ्हाइकाने सोसला. भारत कांद्याचा मोठा विक्रेता आहे, आपण हात आखडला की जगाचा दर हलतो. हे विसरून परदेशातला चढलेला दर हाच आपला ‘हुकलेला दर’ धरला की तोटा फुगतो. आणि बांगलादेश स्वतःचा कांदा निघाला की आयातीचे परवाने अडवतो. त्या आठवड्यांत पाचर तिकडची असते, दिल्लीची नाही. ते आठवडे वेगळे काढा.

हे झाले गणित. आता कागद. पणन मंडळ रोज किमान, कमाल आणि सर्वसाधारण असे तीन दर देते. त्यातला सर्वसाधारण दर वजनी सरासरी नव्हे. ज्याच्या आसपास जास्त माल गेला तो दर. एका शेतकऱ्याच्या ६० पिशव्या, साधारण ५० किलोच्या, लिलावाला लागल्या असे समजू. ४ पिशव्या निवडक मोठ्या कांद्याच्या, ३,४०० रुपयांनी गेल्या. २६ मध्यम, १,७०० नी. २० हलक्या, १,००० नी. १० गोल्टीच्या (अगदी बारीक कांद्याच्या), ३०० नी. कमाल ३,४००, बातमीही ३,४०० ची. कमाल-किमानचा मध्य काढला तर १,८५०. खरी वजनी सरासरी १,३४७ रुपये. ३० क्विंटलचे ४०,४०० रुपये, कपातीआधी. शेजारच्या गावात बातमी वाचून दुसरा शेतकरी एक लाख दोन हजारांच्या हिशेबाने गाडी भरतो आणि आडत्याशी भांडतो. हे भांडण आपल्या मथळ्याने लावलेले असते, संपादक महोदय, राग नसावा.

पट्टीवर तारीख, पिशव्या, वजन, प्रत्येक लॉटचा दर, हमाली, तोलाई, भाडे सगळे असते. यापेक्षा चांगली माहिती जागतिक बँकेकडेही नसते. मात्र ती गोळा करताना सहा-सात खड्डे आहेत. आडत्याला ‘शंभर पट्ट्या द्या’ म्हटले की तो बऱ्या दराच्या देतो. म्हणून पट्टीपुस्तकाच्या अनुक्रमांकावरून, समजा दर पंचविसावी, अशी घ्यायची. मोठे, मधले आणि छोटे असे तिन्ही तऱ्हेचे गाळे हवेत, कारण मोठ्या गाळ्यावर चांगला माल जातो. शेतकऱ्याचे नाव झाकायचे, पण गाव ठेवायचे. भाडे गावावर ठरते, आणि करमाळ्याची गाडी व दक्षिण सोलापूरची गाडी यांत फरक आहे. शेजारच्या जिल्ह्यांतला आणि कर्नाटकातला मालही इथे येतो, तो वेगळा नोंदवायचा, नाहीतर ‘जिल्ह्याचा तोटा’ म्हणून कलबुर्गीचा तोटा मोजला जाईल. आडत्याला करखात्याची धास्ती असते. त्याचे नाव सांकेतिक क्रमांकानेच वापरू असे विद्यापीठाच्या शिक्क्याचे पत्र आधी द्यावे, मग पुस्तक मागावे. शेतकऱ्यांकडेही पट्ट्या असतात, घरात तारेला टोचून ठेवलेल्या. त्या गाळ्यावरच्या प्रतीशी ताडून पाहायच्या. दोन्हींत वजन जुळले नाही तर तो वेगळाच अभ्यास होईल.

जुलै २०१६ मध्ये फळे-भाजीपाल्याची आडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घ्यायचे ठरले. त्याआधीच्या आणि नंतरच्या पट्ट्यांतली निव्वळ रक्कम थेट ताडता येत नाही. आडतीचा हिशेब सारखा करून घ्यावा लागतो. आवक ‘गाड्या’त मोजायची सवय सोडावी. गाडी म्हणजे तीन टनांचा टेम्पोही आणि सोळा टनांचा ट्रकही. जानेवारीत सिद्धेश्वरांच्या गड्डा यात्रेच्या सुट्ट्या आणि आवक तुंबल्याने बंद ठेवलेले लिलाव, यांमुळे मालिकेत भोके पडतात. त्या दिवशी आदल्या दिवसाचा दर भरून टाकणारे सॉफ्टवेअर आहे, ते वापरू नये. कारण यात्रेनंतर पहिल्या दिवशी साचलेला माल एकदम येतो आणि दर पडतो. ती पडझड धोरणाची नाही, गड्ड्याची आहे. धोरणाच्या तारखाही जपून. २०२३ मधली शुल्काची आणि किमान मूल्याची घोषणा, दोन्ही शनिवारी झाल्या, ७ डिसेंबर गुरुवार होता. परिणाम मोजायचा तो त्यानंतर बाजार भरला त्या दिवसापासून.

२०२० ची बंदी मोजणाऱ्याची तर परीक्षाच आहे. सप्टेंबरात बंदी, १४ ऑक्टोबरच्या सुमारास जिल्ह्यात अतिवृष्टी, त्याच महिन्यात रेल्वेने फळे-भाज्यांच्या भाड्यात ५० टक्के सवलत दिली. शंभरावी किसान रेल २८ डिसेंबर २०२० ला सांगोल्याहून पश्चिम बंगालकडे सुटली. पाऊस माल कुजवून दर एका प्रतीचा पाडतो आणि दुसऱ्या प्रतीचा चढवतो, रेल्वे भाडे कमी करते, बंदी ग्राहक तोडते. तिन्ही एकाच तिमाहीत. तिथे फक्त मध्यम प्रतीच्या कांद्याचाच दर घ्यावा, म्हणजे भिजलेल्या मालाचा गोंधळ थोडा कमी होतो. सगळा जातो असे नाही.

काम किती? नोव्हेंबर ते फेब्रुवारी १७ आठवडे, दहा हंगाम, आठवड्याला ३० पट्ट्या. ५,१०० पट्ट्या. एका विद्यार्थ्याने दिवसाला ४० नोंदवल्या तर चार विद्यार्थ्यांचे महिन्याभराचे काम. पट्टीचा फोटो आणि संगणकावरची नोंद दोन्ही ठेवायचे, आणि दर दहावी पट्टी दुसऱ्याने पुन्हा नोंदवायची. एखादे शून्य जास्त पडते, त्याने सरासरी बिघडते. मोठा निधी लागत नाही.

हे का होत नाही, हा प्रश्न कडू आहे. आपल्याकडे या विषयावरच्या प्रबंधांचा एक ठरलेला साचा आहे. शंभर शेतकऱ्यांना प्रश्नावली, त्यात ‘निर्यातबंदीमुळे आपले नुकसान झाले का? होय / नाही’, मग होय म्हणणाऱ्यांची टक्केवारी, रंगीत गोल आलेख, आणि शेवटी ‘शासनाने ठोस धोरण आखावे’. ज्याचे नुकसान झाले त्याला झाले का विचारून पदवी मिळते. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेने १९३० च्या दशकात शहराच्या फळबाजाराची पाहणी केली होती. आपल्या विद्यापीठाला २००४ पासून एकच जिल्हा आहे. इतक्या आटोपशीर कार्यक्षेत्राचे विद्यापीठ असताना एका बाजाराची दहा वर्षांची नोंद करणे जड जाऊ नये.

अभ्यास प्रामाणिक हवा असेल तर दुसरी बाजूही मोजावी लागेल. विडी कामगार बाई आणि यंत्रमागावरचा माणूसही कांदा विकत घेतो. घाऊक दर पडल्यावर मंगळवार बाजारात किरकोळ दर किती पडला आणि किती दिवसांनी? घाऊकमध्ये किलोला १० रुपये उतरले आणि किरकोळीत ४ च उतरले, तर उरलेले ६ कुठे मुरले हे तेवढेच महत्त्वाचे. निव्वळ तोटा म्हणजे शेतकऱ्याचा तोटा वजा गिऱ्हाइकाचा फायदा. हा आकडा लहान निघाला तरी छापावा.

असा आकडा हाती असला तर त्याचा उपयोग भाषणापलीकडे आहे. जागतिक व्यापार संघटनेचे नियम निर्यात शुल्काला मोकळीक देतात. बंदी मात्र अन्नाची गंभीर टंचाई टाळण्यासाठी आणि तात्पुरती असेल तरच चालते. शेती कराराच्या १२ व्या कलमाप्रमाणे बंदी घालण्यापूर्वी आयातदार देशांचा विचार करून कळवावे लागते. विकसनशील देशांना यातून सूट आहे, पण जो देश त्या मालाचा निव्वळ निर्यातदार आहे त्याला नाही. कांद्यात आपण निव्वळ निर्यातदार आहोत. ‘गंभीर टंचाई’ होती की नव्हती, हे आवक आणि दरांच्या नोंदींवरूनच ठरते. उसाचे उदाहरण डोळ्यांसमोर आहे. ब्राझील, ऑस्ट्रेलिया आणि ग्वाटेमाला यांच्या तक्रारीवर डिसेंबर २०२१ मध्ये त्याच संघटनेच्या तंटा समितीचा जो अहवाल आला, त्यात २०१४-१५ ते २०१८-१९ या हंगामांतला आपला एफआरपी (उसाचा रास्त आणि किफायतशीर दर) जुन्या, गोठवलेल्या संदर्भ दराशी ताडून आधार मर्यादेबाहेर ठरवला होता. भारताने अपील केले आणि ते अपील ऐकायला तिथे मंडळच उरलेले नाही. साखर कारखान्यांनी गजबजलेल्या या जिल्ह्यातल्या किती पदवीधरांना हे गणित मांडता येईल?

आणखी वरच्या पातळीवर, ओईसीडी ही विकसित देशांची संघटना आणि इक्रिअर ही दिल्लीची संशोधन संस्था यांच्या २०१८ च्या अभ्यासात २०००-०१ ते २०१६-१७ या काळात भारतीय शेतकऱ्याला धोरणांतून मिळालेला एकूण आधार उत्पन्नाच्या उणे १४ टक्के होता. उणे म्हणजे अनुदाने धरूनही काढून घेतले. हा देशाचा आकडा. रांगड्या कांद्याचा, सोलापूरचा, जानेवारीचा आकडा त्याहून कमी असेल की जास्त, यावर पैज लावण्यापेक्षा मोजलेला बरा.

डाळिंबाचे थोडक्यात सांगतो, कारण तिथे अडचण बंदीची नाही, अटींची आहे. ऑस्ट्रेलियाला समुद्रमार्गे पहिली खेप ६ डिसेंबर २०२४ ला निघाली आणि १३ जानेवारी २०२५ ला सिडनीला पोचली. ५.७ टन, तीन किलोच्या १,९०० पेट्या, माल सोलापूर भागातला. बातमी म्हणून छान. पण पेटीमागे प्रतवारीत किती फळ नाकारले गेले, विकिरण आणि शीतसाखळीला किती खर्च आला, आणि तेच फळ इथल्या बाजारात किती आणले असते, या तीन रकान्यांशिवाय ती शेतकऱ्याच्या कामाची नाही. केगावला डाळिंब संशोधन केंद्र आणि विद्यापीठ दोन्ही शेजारी आहेत. एक फळ टिकवते, दुसऱ्याने त्याचा हिशेब ठेवायला हरकत नसावी.

आपल्याकडून तीन गोष्टी हव्यात. बातमीत आधी सर्वसाधारण दर, मग कमाल, आणि कमाल दराने गेलेल्या पिशव्या किती ते. आवक गाड्यांत नको, क्विंटलमध्ये. आणि धोरण बदलल्याची बातमी देताना बंदी, शुल्क आणि किमान मूल्य यांतले नेमके काय ते मथळ्यातच. पत्र लांबले आहे याची जाणीव आहे. कात्री लावायचीच असेल तर उसाच्या मजकुराला लावा, पट्ट्यांच्या नाही.

घाईचे कारण एवढेच की दिवाळीत वहीपूजन होते. नवी पुस्तके येतात, जुनी गोण्यांत बांधून पोटमाळ्यावर जातात, आणि पोटमाळा भरला की रद्दीवाला बोलावतात. २०१९-२० ची पुस्तके काही गाळ्यांवरून केव्हाच गेली असतील. २०२३-२४ ची अजून बहुतेक ठिकाणी मिळतील. बाजार समितीने एक परिपत्रक काढून ती यंदाच्या वहीपूजनापर्यंत थांबवून ठेवायला सांगावे, आणि विद्यापीठाने तेवढ्यात चार विद्यार्थी पाठवावेत.

आपले,
शेतमाल व्यापार आणि कृषी अर्थशास्त्र शिकवणारे दोघे,
सोलापूर